झे. द्रविड

कसोटी सामन्याचा पूर्ण धावफलक वर्तमानपत्रात छापून यायचा, त्या काळी क्रिकेटवेड्या घरांत सकाळी तो ओळ न ओळ वाचला जाई. डावीकडे फलंदाजाचं नाव, मग तो कसा बाद झाला ते, आणि उजवीकडे धावा. १९९६ ते २०१२ या काळातले असे धावफलक काढून बघा. ‘झे. द्रविड’ ही नोंद त्यांत सतत भेटते. पुढचा गोलंदाज बदलत राहतो : गो. कुंबळे, गो. हरभजन, गो. झहीर, गो. श्रीनाथ. राहुल शरद द्रविड निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर कसोटीतले २१० झेल होते. यष्टिरक्षक सोडले तर जगातल्या कुठल्याही क्षेत्ररक्षकानं तोवर एवढे झेल घेतले नव्हते.

त्याच्या १३,२८८ धावांवर, ३६ शतकांवर आणि ‘द वॉल’ या बिरुदावर ढिगानं लिहून झालं आहे. झेलांवर मात्र लोक एका वाक्यात बोलून पुढे जातात. मला हे नेहमीच अन्यायाचं वाटत आलं आहे. फलंदाज धावा करतो त्या त्याच्या खात्यात जमा होतात. झेलाचं तसं नाही. बळी गोलंदाजाचा, सामना संघाचा, झेल घेणाऱ्याच्या वाट्याला दोन अक्षरांची नोंद. जे काम दुसऱ्याच्या नावावर लागतं ते द्रविडनं सोळा वर्षं इतक्या निष्ठेनं केलं, की त्यात तो जगात पहिला ठरला. त्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर आधी पहिल्या स्लिपमध्ये उभा असलेला द्रविड बघावा, असं माझं म्हणणं आहे.

अमेरिकेत निव्वळ झेल घेण्यावर माणसाचं सगळं आयुष्य उभं राहू शकतं. तिथल्या फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातानं लांब फेकतात आणि धावत जाऊन तो पकडणारा खेळाडू हा संघाचा हुकमी एक्का असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. या खेळातला सर्वांत मोठा रिसीव्हर जेरी राइस हा मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात वाढला. वडील गवंडी. उन्हाळ्यात मुलं त्यांच्या हाताखाली राबत. भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी वर त्या झेलायचा. ते हात पुढे वीस हंगाम टिकले. राइसनं व्यावसायिक लीगमध्ये १,५४९ वेळा चेंडू पकडला आणि २२,८९५ यार्डांची वाटचाल केली. तो थांबून वीस वर्षं झाली तरी हे आकडे कुणाला गाठता आलेले नाहीत. यार्डांच्या यादीत दुसरा असलेला लॅरी फिट्झगेराल्ड १७,४९२ वर थांबला. तिथे प्रत्येक झेल खेळाडूच्या स्वतःच्या नावावर मोजला जातो, त्यावर त्याचा करार ठरतो, त्यासाठी स्टेडियम त्याच्या नावानं गर्जतं. आपल्या खेळात झेलाला हा मान नाही. म्हणूनच बंगळूरमध्ये वाढलेल्या या मराठी मुलाची गोष्ट मला राइसच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

द्रविडचा जन्म ११ जानेवारी १९७३चा, इंदूरचा. घर मराठी. तो लहान असतानाच कुटुंब बंगळूरला आलं आणि तिथलंच झालं. वडील शरद द्रविड हे किसान या जॅम-मुरंबे बनवणाऱ्या कंपनीत होते. त्यावरून पोराला मित्रांनी ‘जॅमी’ नाव ठेवलं, ते आजतागायत चिकटलेलं आहे. आई पुष्पा द्रविड विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकलेच्या प्राध्यापक. म्हणजे घरात नोकरी, शिक्षण आणि नेटका संसार. बंगळूरशी मराठीचं नातं शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचं. तिथल्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलत मोठी होतात. द्रविड हा त्याच मुशीतला. कन्नडिगांना तो पुरता आपला वाटतो आणि मराठी माणसालाही आपला वाटतो, आणि या दोन्हींत कुणाला काही खटकत नाही. पुढे लग्नही नागपूरच्या डॉ. विजेता पेंढारकर यांच्याशी झालं, २००३ साली.

शाळा सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूल. चिन्नास्वामी स्टेडियम तिथून जवळच. त्या स्टेडियमवरच्या उन्हाळी शिबिरात केकी तारापोर यांनी त्याला हेरलं. सुरुवातीला हा मुलगा यष्टिरक्षण करायचा, हे आज फार जणांच्या लक्षात नसतं. पुढे तारापोर, गुंडाप्पा विश्वनाथ, रॉजर बिन्नी आणि ब्रिजेश पटेल अशा जाणत्या मंडळींनी सल्ला दिला आणि त्यानं ग्लोव्ह्ज उतरवून फलंदाजीवर भर दिला. ग्लोव्ह्ज उतरले तरी यष्टिरक्षकाची सवय उतरली नसावी. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार हे गृहीत धरून बसावं लागतं. बॅटला लागला नाही तरी येणार, पायाला लागला तरी येणार. स्लिपमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

१९९१च्या फेब्रुवारीत त्यानं रणजी पदार्पण केलं ते पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. कॉलेजात शिकणाऱ्या या पोरानं ८२ धावा केल्या. कर्नाटकच्या त्या संघात अनिल कुंबळे होता, जवागल श्रीनाथ होता. म्हणजे पुढे ज्यांच्या गोलंदाजीवर द्रविडचे हात दहा-दहा वर्षं तयार राहणार होते ते दोघेही तेव्हापासूनच सोबत होते. भारतीय संघात यायला मात्र आणखी पाच वर्षं गेली. ३ एप्रिल १९९६ रोजी सिंगापूरला श्रीलंकेविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि तीन धावांवर मुरलीधरनला बळी पडला. पण त्याच सामन्यात त्यानं दोन झेल घेतले. अडीच महिन्यांनी लॉर्ड्सवर पहिली कसोटी. सातव्या क्रमांकावर येऊन ९५ धावा. त्याच सामन्यात सौरव गांगुलीनं १३१ केल्या आणि साहजिकच मथळे त्याला मिळाले.

आता स्लिपविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण टीव्हीवर हे काम फार सोपं दिसतं. चार माणसं एका रांगेत ओणवी उभी आहेत, मध्येच एखादा चेंडू येतो आणि हातात बसतो, एवढंच आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १४० किलोमीटरनं सुटला म्हणजे सेकंदाला जवळपास ३९ मीटर. बॅटची कड लागल्यावर तो स्लिपपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात दिशा ओळखायची, उंची ओळखायची, हात न्यायचे आणि १६० ग्रॅम वजनाचा तो टणक गोळा धरायचा. फिरकीला तर स्लिप बॅटपासून दोन-तीन पावलांवरच उभी असते. चेंडूचा वेग कमी असला तरी अंतर इतकं थोडं, की डोळ्यांनी बघून मग हात हलवायला वेळच नसतो. माणसाला साधी प्रतिक्रिया द्यायलाही सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि फिरकीच्या स्लिपमध्ये अनेकदा त्याहून कमी वेळ मिळतो. म्हणजे कड लागण्याच्या आधीच अंगाला कळलेलं असावं लागतं. कुठल्या टप्प्याचा चेंडू आहे, किती उसळेल, फलंदाज पुढे आलाय की मागे गेलाय, बॅट सरळ आहे की आडवी, या सगळ्याचा हिशेब आधीच झालेला हवा.

पहिल्या स्लिपमधला माणूस बहुधा गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटल्यापासून चेंडूच पाहतो. दुसऱ्या-तिसऱ्या स्लिपचे लोक बॅटच्या कडेवर नजर ठेवतात. द्रविडच्या कारकिर्दीचा मोठा भाग पहिल्या स्लिपमध्ये गेला. त्याचं उभं राहणं आठवून बघा. पाय खांद्यांहून थोडे रुंद, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, पार्श्वभाग खाली. चेंडू सुटता सुटता हात गुडघ्यांवरून सुटून पुढे सैल लोंबत, बोटं जमिनीकडे. डोकं स्थिर. पुष्कळ क्षेत्ररक्षक कड लागायच्या आत उभे होतात, त्यामुळे खाली आलेला चेंडू हाताखालून निसटतो. द्रविड शेवटपर्यंत खालीच राहायचा. खालून वर उठणं सोपं, वरून खाली जाणं अवघड, हे कुठलाही प्रशिक्षक सांगतो. पण दिवसभर ते पाळणं कमरेला आणि मांड्यांना किती जड जातं हे उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

मग हात. कमरेखाली आलेला चेंडू बोटं खाली ठेवून घ्यायचा, छातीच्या वर आलेला बोटं वर करून. मधल्या उंचीचा सगळ्यांत फसवा, तिथे अंग बाजूला काढावं लागतं. आणि चेंडू तळव्यात आला की त्याच्या वेगाबरोबर हात मागे न्यायचे. हात ताठ राहिले की चेंडू आपटून बाहेर पडतो. बंगळूरच्या दुकानात काचेची बरणी वरच्या फळीवरून खाली देताना घेणारा जसा हात थोडा सोडून घेतो, तसे द्रविडचे हात चेंडू घ्यायचे. फलंदाजीतही त्याच्या हातांचा हाच गुण होता. मऊ हातांनी खेळलेला चेंडू त्याच्या पायांशी मरून पडायचा. ज्या हातांनी तो स्वतःची कड स्लिपपर्यंत जाऊ द्यायचा नाही, त्याच हातांनी तो दुसऱ्यांच्या कडा टिपायचा.

दिवसाच्या ९० षटकांचे ५४० चेंडू होतात. स्लिपमधल्या माणसाला ५४० वेळा वाकायचं असतं, ५४० वेळा हा आपलाच असं मानायचं असतं, आणि त्यातला एखादाच त्याच्याकडे येतो. कित्येक दिवस एकही येत नाही. दोन चेंडूंच्या मध्ये मन सैल सोडायचं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि गोलंदाज वळला की पुन्हा सगळं गोळा करायचं. कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळण्याचा विक्रम ज्याच्या नावावर आहे त्या फलंदाजाला ही कला साधावी यात नवल नाही. नवल याचं, की एवढी फलंदाजी करून त्याच्याकडे हे लक्ष उरत होतं. मोठे फलंदाज क्षेत्ररक्षणात जरा विसावा घेतात. पाकिस्तानात रावळपिंडीला २७० करणारा, कोलकात्यात लक्ष्मणबरोबर ३७६ची भागीदारी करणारा हा माणूस विसावा न घेता स्लिपमध्ये जाऊन उभा राहायचा.

जवळचे झेल घेणाऱ्यांची आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि तिचं मूळ मुंबईच्या मैदानांत आहे. एकनाथ सोलकर हा पी. जे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना, फलंदाजाच्या बॅटीखाली उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल, म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. सरासरीच्या या हिशेबात द्रविडही त्याच्या मागे आहे. १९७१ साली ओव्हलवर ॲलन नॉटचा त्यानं पुढे झेपावून घेतलेला झेल हा भारतीय क्रिकेटच्या इतिहासातला एक टर्निंग पॉइंट. त्याच संघाचा कर्णधार अजित वाडेकर हा स्वतः पट्टीचा स्लिप क्षेत्ररक्षक. सुनील गावसकर तर, यष्टिरक्षक सोडून, कसोटीत शंभर झेल घेणारा पहिला भारतीय, एकूण १०८.

आणि बंगळूरचं काय? सोलकरची कारकीर्द १९७७च्या जानेवारीत कोलकात्याला संपली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चिन्नास्वामीवर यजुर्वेंद्र सिंग या महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या तरुणानं इंग्लंडविरुद्ध पदार्पण केलं. पहिल्याच कसोटीत त्यानं एका डावात पाच आणि सामन्यात सात झेल घेतले. दोन्ही विक्रमांची बरोबरी. भारतानं तो सामना जिंकला. चंद्रशेखर, प्रसन्ना, बेदी गोलंदाजी करताना बॅटीपाशी उभं राहणाऱ्याला किती काम असतं हे त्या स्टेडियमनं तेव्हाच पाहिलं होतं. द्रविड त्या वेळी चार वर्षांचा होता. सात-आठ वर्षांनी तो त्याच मैदानावरच्या शिबिरात ग्लोव्ह्ज घालून उतरला.

द्रविडच्या झेलांचा खरा जोडीदार कुंबळे. कुंबळेच्या गोलंदाजीवर त्यानं ५५ झेल घेतले, हरभजनच्या गोलंदाजीवर ५१. दोघांचे मिळून १०६, म्हणजे एकूण झेलांतले निम्म्याहून जास्त या दोन फिरकीपटूंचे. यष्टिरक्षक सोडून गोलंदाज-क्षेत्ररक्षकाच्या जोडीत मुरलीधरन आणि जयवर्धनेचे ७७ हा सर्वांत मोठा आकडा, पण द्रविड एकटा असा आहे की ज्याच्या पन्नासाहून अधिक झेलांच्या दोन-दोन जोड्या आहेत. कुंबळे चेंडू फारसा वळवत नसे असं म्हणतात. वळवायचा तेवढा पुरेसा होता, मुख्य शस्त्र उसळी आणि वेग. त्यामुळे त्याच्या चेंडूची कड इतर लेगस्पिनरांच्या मानानं उंच आणि झपाट्यानं यायची. ती घ्यायला कुंबळेला ओळखणारा माणूस हवा होता, आणि तो त्याच शहरातला, त्याच रणजी संघातला निघाला.

१९९९च्या फेब्रुवारीत दिल्लीला कुंबळेनं पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले. सगळ्या जगाला तो डाव पाठ आहे. त्या दहांतला मुश्ताक अहमदचा बळी हा द्रविडचा झेल. दुसऱ्या टोकानं श्रीनाथ शेवटी मुद्दाम यष्टीबाहेर मारा करत होता, आपल्याला बळी मिळू नये म्हणून. कर्नाटकची ही तीन माणसं एका डावात एका माणसाच्या विक्रमासाठी कामाला लागली होती. मला ही आठवण कुंबळेच्या दहा बळींइतकीच मोलाची वाटते.

ॲडलेड, डिसेंबर २००३. या सामन्यातल्या द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२ धावा, आणि मॅकगिलला कट मारून मिळवलेला विजय सगळ्यांना आठवतो. दुसऱ्या डावात आगरकरनं ४१ धावांत सहा बळी घेतले हेही आठवतं. पण त्या डावाच्या मध्याला डेमियन मार्टिन आणि स्टीव्ह वॉ यांची जोडी जमली होती. दोघं टिकते तर लक्ष्य २३० वर थांबलं नसतं. सचिन तेंडुलकरच्या लेगब्रेकवर आधी मार्टिन गेला ३८ वर, मग वॉ ४२ वर. दोन्ही झेल स्लिपमध्ये द्रविडचे. पहिल्या डावात जवळपास दहा तास फलंदाजी करून आलेल्या माणसाचे ते हात होते. ॲडलेडच्या विजयात माझ्या मते या दोन झेलांचं वजन ७२ धावांपेक्षा कमी नाही.

विक्रम झाला तो वेलिंग्टनला, एप्रिल २००९मध्ये. मार्क वॉचे १८१ झेल हा तोवरचा उच्चांक. झहीर खानच्या गोलंदाजीवर टिम मॅकिन्टॉशचा झेल घेऊन द्रविडनं १८२ केले. त्या दौऱ्यात भारतानं न्यूझीलंडमध्ये ४१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली, त्या गडबडीत विक्रमाचा फार गवगवा झाला नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात दरबानला हरभजनच्या चेंडूवर डेल स्टेनची कड लागली, द्रविड डावीकडे झेपावला आणि एका हातात चेंडू धरला. तो २००वा झेल. कसोटीत कुठल्याही क्षेत्ररक्षकाचे दोनशे पहिल्यांदाच होत होते. दक्षिण आफ्रिका १३१ मध्ये आटोपली, हरभजननं दहा धावांत चार बळी घेतले आणि भारतानं सामना ८७ धावांनी जिंकला. द्रविड तेव्हा अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता.

संघाला जे हवं ते करण्याचा त्याचा स्वभाव झेलांत दिसतो तसाच इतरत्रही. एकदिवसीय संघात एक जादा फलंदाज खेळवता यावा म्हणून २००२ ते २००४ या काळात त्यानं पुन्हा ग्लोव्ह्ज घातले. २००३च्या विश्वचषकात, अगदी अंतिम सामन्यापर्यंत, तोच यष्टिरक्षक होता. सलामीला कुणी नसलं की सलामीला जायचा. २०११च्या इंग्लंड दौऱ्यात संघ ४-० असा धुऊन निघाला, तेव्हा त्यानं तीन शतकं केली आणि ओव्हलला शेवटपर्यंत नाबाद राहिला. पुढच्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मात्र तो पुन्हा पुन्हा त्रिफळाचीत झाला. ९ मार्च २०१२ रोजी त्यानं चिन्नास्वामीवर पत्रकारांसमोर निवृत्ती जाहीर केली. तेव्हा कर्नाटक क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष कुंबळे होता.

प्रशिक्षक द्रविडवर वेगळा लेख होईल. इथे दोनच गोष्टी सांगतो. २०१८ साली पृथ्वी शॉच्या नेतृत्वाखाली एकोणीस वर्षांखालील संघानं विश्वचषक जिंकला. मंडळानं प्रशिक्षक म्हणून द्रविडला ५० लाख आणि सहायकांना २० लाख जाहीर केले. त्यानं हरकत घेतली. सगळ्यांना सारखे द्या म्हणाला. शेवटी सगळ्यांना २५-२५ लाख मिळाले, म्हणजे त्याचे स्वतःचे निम्मे झाले. झेलाचं श्रेय गोलंदाजाला देण्यात ज्याची सोळा वर्षं गेली त्याला हा हिशेब अवघड वाटला नसणार.

दुसरी गोष्ट २९ जून २०२४ची, बार्बाडोसच्या टी-२० विश्वचषक अंतिम सामन्याची. द्रविड मुख्य प्रशिक्षक म्हणून अखेरचा सामना बघत होता. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरनं उंच फटका मारला आणि लाँग ऑफच्या सीमारेषेवर आमच्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवनं तो पकडला, तोल जाताना चेंडू वर उडवला, दोरीबाहेर जाऊन आत आला आणि पुन्हा पकडला. खेळाडू म्हणून द्रविडला जो विश्वचषक कधी मिळाला नाही तो असा एका झेलावर आला. नंतर विराट कोहलीनं चषक त्याच्या हातात दिला तेव्हा एरवी आवाज न चढवणारा हा माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. मी ते दृश्य कितीदा तरी पाहिलं आहे.

२०१२ साली द्रविड निवृत्त झाल्यावर भारताची स्लिप कित्येक वर्षं अस्थिर राहिली. लक्ष्मणही त्याच वर्षी निवृत्त झाला. त्याचे १३५ झेल. म्हणजे ३४५ झेल एका मोसमात मैदानाबाहेर गेले. धावा करणारे नवे लोक पटापट सापडले, पुजारा आला, कोहली उभा राहिला. स्लिपला मात्र माणसं सारखी बदलत राहिली. आनंदाची गोष्ट डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेची. २०१५ साली गॉलला श्रीलंकेविरुद्ध त्यानं एका कसोटीत आठ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून एका सामन्यात इतके झेल त्याआधी कुणीच घेतले नव्हते. पण संघानं तो सामना गमावला, आणि रहाणेचा विक्रमही बातमीच्या तळाशी गेला.

२०२५च्या जुलैत लॉर्ड्सवर जो रूटनं २११वा झेल घेतला आणि द्रविडचा विक्रम सोळा वर्षांनी मोडला. पहिल्या स्लिपमध्ये डावीकडे, जमिनीलगत, एका हातानं. बाद झालेला फलंदाज करुण नायर, बंगळूरच्याच मैदानांवर वाढलेला, आदल्या मोसमात विदर्भाला रणजी करंडक जिंकून देणाऱ्या संघातला. झेल अस्सल होता, आणि रूटसारख्या माणसाकडे विक्रम गेला याचं मला समाधान आहे.

खंत आहे ती त्याच मालिकेतल्या पहिल्या सामन्याची. लीड्सला भारताच्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली, पंतची दोन, आणि गिल, के. एल. राहुल, जयस्वालचं प्रत्येकी एक. एवढ्या धावा करून संघ हरणं दुर्मीळ. पण शतक करणाऱ्या यशस्वी जयस्वालच्याच हातून त्या सामन्यात चार झेल सुटले. त्यांतले तीन बुमराहच्या गोलंदाजीवर, पहिल्या डावात. चौथा दुसऱ्या डावात, बेन डकेट ९७ वर असताना. डकेटनं १४९ केल्या आणि इंग्लंडनं ३७१चं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं.